आत राहिलेली वार

आमची ही एका जागी बसत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण पूर्ण कप चहा तिने बसून प्यायलेला मी बघितला नाही. अर्धा ओट्याजवळ, अर्धा दारात, आणि कप कुठे ठेवलाय ते नंतर मी शोधायचं. मी राजाराम तांबे, रत्नागिरी डेपोचा निवृत्त कंडक्टर. बत्तीस वर्षं चालत्या गाडीत उभा राहिलो, त्यामुळे आता मला बसायला आवडतं. घरात एकजण बसणारा, एकजण फिरणारी. असा आमचा संसार.

हिचं नाव शालन. माहेर मंडणगडकडचं. सरकारी कागदावर ती आरोग्यसेविका, आणि भाट्याचा पूल ओलांडला की पुढच्या चार वाड्यांत नुसती ‘सिस्टर’. लोक मला नावाने ओळखत नाहीत, ‘सिस्टरांचे मिस्टर’ म्हणतात. आधी राग यायचा, आता सवय झाली.

शालनची एक रीत मी ती नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. बाळ जन्मलं की घरचे बाळाकडे धावतात, मुलगा की मुलगी, कुणासारखा दिसतो वगैरे. शालन बाळाला पुसून आईच्या छातीवर ठेवते आणि तिचं लक्ष लागतं वारेकडे. बाळ नऊ महिने ज्याच्यावर पोसतं तो नाळेच्या दुसऱ्या टोकाचा गोळा. तो अर्ध्या तासात अख्खा बाहेर पडला पाहिजे. एक तुकडा आत राहिला तरी रक्त थांबत नाही, बाई हातची जाते. शालन ती वार पाण्यात धुऊन, ताटावर पसरून दोन्ही बाजूंनी बघते. मगच उठते. आणि बाईच्या कार्डावर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिते, ‘वार पूर्ण पडली.’ तसा रकाना त्या कार्डावर नाही. पहिल्या नेमणुकीवर एका जुन्या नर्सबाईंनी तिला लावलेली ती शिस्त. अठ्ठावीस वर्षं एकही कार्ड त्या ओळीवाचून गेलं नाही, असं ती मला दर दोन महिन्यांनी ऐकवते.

गेल्या वर्षी श्रावणात तिच्याकडे तपासणीला तेजल शिवलकर आली. वय पंचवीस, पहिलटकरीण, सातवा महिना. नवरा नितेश बोटीवर, म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजावर, आठ-आठ महिने बाहेर. घरात तेजल आणि सासू मथुराबाई. मथुराबाई तोंडाने फटकळ, पण सुनेला जपायची. सुनेच्या पोटात बाळ हललं की ती कळवळते, ही तक्रार तीच घेऊन आली होती.

त्या संध्याकाळी शालन घरी आली ती सरळ पडवीत येरझाऱ्या घालायला लागली. मी म्हटलं, “काय झालं गो?”

“अहो, त्या पोरीच्या पोटावर हात ठेवला तर बाळाचा पाय असा कातडीखालीच लागतो. मध्ये पिशवीची भिंतच नाही जशी. आणि बाळ आडवं. ढकललं तर पोरगी रडायला लागते.”

“सोनोग्राफी केलीये ना?”

“केलीये. खाजगीत. बाळ आडवं, वार खाली, पाणी कमी, बाकी ठीक, असं लिहिलंय.”

“मग झालं तर. मशीनला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं.”

“मशीनला दिसतं. ते बघणाऱ्याला दिसलं का, ते मला विचारायचंय.”

दुसऱ्या दिवशी ती तेजलला रिक्षात घालून सिव्हिलला घेऊन गेली. तिथे डॉक्टर मृणाली म्हणून एक बाई आहेत, आमच्या मुलीच्या वयाच्या. दुसरा कुणी असता तर नर्सच्या हाताला काय कळतं म्हणून हसला असता. या हसल्या नाहीत. स्वतः मशीनवर बसल्या आणि पाऊण तास बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सिस्टर, हे बघा. ही पिशवी. रिकामी आहे.”

बाळ पिशवीत नव्हतंच. पिशवीच्या बाहेर, उघड्या पोटात, आतड्यांच्या शेजारी वाढत होतं. हजारो बायकांत एखादीचं असं होतं म्हणे. गर्भ नळीतून निसटतो, पोटात पडतो आणि मिळेल तिथे मूळ धरतो. बहुतेकदा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बाई रक्तस्रावाने आडवी होते. तेजलचं सात महिने निभावलं. वार आतड्यावर आणि पोटाच्या डाव्या बाजूला चिकटली होती. तिथल्या शिरा फुगून बोटाएवढ्या झाल्या होत्या. मोठ्या मशीनवर परत फोटो काढले, त्यातही तेच आलं.

शालनने मला हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. घास परत ताटात ठेवला. मी तिला म्हटलं, तू त्या पोरीला वाचवलंस. ती म्हणाली, “अजून कुठे?”

तेजलला तिथेच ठेवून घेतली. रक्ताच्या बाटल्या जमवल्या, मोठे सर्जन बोलावले, आणि चौतिसाव्या आठवड्यात पोट उघडलं. मुलगी झाली. पावणेदोन किलोची, जागा न मिळाल्यामुळे एक पाऊल आत वळलेलं, पण आवाज खणखणीत. ते पाऊल प्लास्टर घालून सरळ होईल म्हणाले. आणि वार तशीच आत ठेवली.

हो, आत ठेवली. डॉक्टर मृणालींनी नाळ अगदी मुळाशी बांधली, कापली आणि पोट शिवलं. वार ओढली असती तर आतडं फाटलं असतं आणि त्या फुगलेल्या शिरांतून रक्ताची धार लागली असती, ती कुणाच्या बापाला आवरली नसती. आत राहिली तर हळूहळू तिचा रक्तपुरवठा आटतो, ती सुकत जाते. सहा महिने लागतील, वर्षही लागेल. तोवर दर आठवड्याला रक्त तपासायचं, तापावर डोळा ठेवायचा. “आणि काही झालं तरी,” डॉक्टरीणबाई मथुराबाईंना दोनदा म्हणाल्या, “कुणालाही ती काढू देऊ नका. आधी मला फोन.”

आता विचार करा. जिने अठ्ठावीस वर्षं वार बाहेर पडल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही, तिला सांगितलं की आतली वार राख. शालनचं डोकं फिरायची वेळ आली. तिला पटलं नव्हतं असं नाही. डॉक्टरांनी समजावलं ते तिने मलाही शिकवलं, मी आज परीक्षेला बसलो तर पास होईन. पण डाळ निवडता निवडता उठायची, फोन लावायची, “तेजल, अंग गरम नाही ना? पोट फुगलंय का?” दिवसातून चार वेळा. मी वैतागलो. म्हटलं, “अगो, त्या पोरीला झोपू दे जरा.”

“मला सगळं कळतं हो,” ती म्हणाली. “हातांना कळत नाही. हात म्हणतात, काम अर्धं ठेवून आलीस.”

दहाव्या दिवशी तेजल घरी आली, आणि शालन गृहभेटीला गेली. तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. कार्ड नवीन होतं, जुनं भिजलेलं. बाळ रडत होतं, मथुराबाई चहा घे म्हणून मागे लागली होती, नितेश जहाजावरून व्हिडिओ कॉलवर ‘हॅलो हॅलो’ करत होता. शालनने उभ्याउभ्या बाळंतपणाचं पान भरलं. तारीख, ठिकाण, मुलगी, वजन. पुढे हाताने अठ्ठावीस वर्षांची ओळ लिहिली आणि कार्ड मिटलं.

भातकापणीचे दिवस आले. तेजलला चाळीस-एक दिवस झाले असतील. शालन त्या दिवशी तालुक्याच्या मीटिंगला गेली होती, फोन पिशवीत, बंद. दुपारी तीनला आली. महिन्याचा रिपोर्ट द्यायचा होता. तिच्या चष्म्याचा नंबर बदललाय आणि नवा करायला वेळ नाही, म्हणून तिच्या रजिस्टरमधलं मी वाचतो आणि ती फॉर्मवर लिहिते. मी वाचत होतो, “शिवलकर तेजल नितेश. सिझर. मुलगी. पावणेदोन किलो. वार पूर्ण पडली.”

पेन थांबलं.

“काय वाचलंत?”

मी परत वाचलं. तिने रजिस्टर माझ्या हातातून ओढून घेतलं, नाकाजवळ धरलं. तिचंच अक्षर. ‘पूर्ण’खाली तिचीच रेघ.

“कार्डावरून उतरवलंय मी हे,” ती म्हणाली. “म्हणजे कार्डावर पण तेच आहे.” आणि पिशवीतून फोन काढून चालू केला, तर मथुराबाईंचे नऊ मिस्ड कॉल.

तिने फोन लावला. मी शेजारी होतो, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. तेजलला सकाळपासून थंडी वाजून ताप भरला होता. सिस्टर फोन उचलत नाही म्हणून मथुराबाईंनी भावाला बोलावलं, आणि भावाने आपल्या ओळखीच्या, हायवेवरच्या एका नर्सिंग होमला नेलं. सिव्हिलची फाईल घरी कपाटात राहिली, डॉक्टरीणबाईंचा नंबरही तिच्यातच. शालनने भरलेलं कार्ड मात्र बाळाच्या लसींसाठी पिशवीत कायम असतं, ते बरोबर गेलं.

“डाक्टर म्हनतात पोटात गाठ हाय, आत पू झालाय,” मथुराबाई सांगत होती. “आजच काढूया म्हनतात. तयारी चाललीय.”

“मथुराबाई, त्यांना सांगा ती गाठ नाही. वार आहे. हात लावू नका म्हणावं.”

पलीकडे काही क्षण नुसती घरघर. मग फोन बंद झाला. परत लागला नाही. डॉक्टर मृणाली ऑपरेशनमध्ये होत्या, तिथल्या नर्सकडे निरोप ठेवला. नर्सिंग होमच्या नंबरवर एक पोरगी म्हणाली, नातेवाइकांनी समक्ष येऊन बोलावं.

मी स्कूटर काढली. हायवेचं काम कधी संपणार ते देवालाच माहीत. अर्धा रस्ता गुळगुळीत, अर्धा खड्ड्यात. शालन मागे बसून माझ्या पाठीवर बोटं आपटत होती. मला खात्री होती की आम्ही पोचेपर्यंत पोट उघडलेलं असणार. तेजल टेबलावरच जाईल, आणि कार्डावर माझ्या बायकोचं अक्षर असेल. खरं सांगतो, मला त्या पोरीची काळजी होती, पण त्याहून जास्त माझ्या बायकोची होती. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिलेली. मी मान वळवून म्हटलं, “कार्ड कुणी लिहिलं ते बोलू नकोस. वार आत आहे एवढंच सांग. बाकी तुला कोण विचारतंय?”

तिची बोटं माझ्या पाठीवर आपटतच राहिली.

तेजल ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच स्ट्रेचरवर होती. डोळे मिटलेले, ओठ कोरडे, हाताला सलाईन. ग्लानीत होती, तिला विचारून उपयोग नव्हता. तिथले डॉक्टर हिरवी टोपी घालून तयार होते. माणूस वाईट नव्हता. शालनचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग कार्ड उघडून तिच्यासमोर धरलं.

“बाई, इथे लेखी आहे, वार पूर्ण पडली. सासूबाई सांगतात साधं सिझर झालं, वार मागून आणली आणि परसात स्वतःच्या हाताने पुरली. आत पू आहे, पेशंटला जंतुसंसर्ग चढतोय. एकट्या तुम्ही म्हणता की ती वार आहे. मी काय खरं धरू?”

मथुराबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

इथे मी शहाणपणा केला. पुढे झालो आणि म्हटलं, “डॉक्टर, ते दुसऱ्या एका सिस्टरने लिहिलंय. हिने नाही.”

“मग त्या सिस्टरने बघितली असेल वार,” डॉक्टर म्हणाले. “बघितल्याशिवाय कुणी असं अधोरेखित करून लिहीत नाही.” आणि त्यांनी वॉर्डबॉयला स्ट्रेचर आत घ्यायची खूण केली.

स्ट्रेचर हललं. मी काय केलं ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या खोट्याने ती ओळ उलट पक्की केली होती.

शालनने काउंटरवरचा कागद ओढला, डॉक्टरांच्या खिशातलं पेन सरळ काढून घेतलं आणि लिहिलं, ‘वार पूर्ण पडली.’ खाली रेघ मारली. कागद कार्डाशेजारी धरला.

“अक्षर बघा. ते मी लिहिलंय. माझे मिस्टर खोटं बोलले. मी ऑपरेशनला नव्हते, वार बघितली नाही, सवयीने लिहिलं. चूक माझी आहे, वाटेल तिथे कळवा. पण या ओळीवर हिचं पोट उघडू नका.” मग भिंतीकडे वळून म्हणाली, “मथुराबाई, परसात काय पुरलंत?”

मथुराबाई खाली बसली. “नारळ,” ती म्हणाली. “फडक्यात बांधून नारळ पुरला. वाडीतल्या बायका विचारीत होत्या ना, वार कुठं पुरली म्हणून. सुनेच्या पोटात ठेवून आणली असं कसं सांगू? नाय नाय ते बोलतात लोक. आणि एकदा सांगितलं ते भावासमोर, डाक्टरांसमोर पन सांगत राहिले.”

डॉक्टरांनी टोपी काढली. स्ट्रेचर थांबवलं. त्यांनी कार्डाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि म्हणाले, “मी आत हात घालून ती सोडवणार होतो.” तेवढ्यात शालनचा फोन वाजला. डॉक्टर मृणाली होत्या. दोघे डॉक्टर दहा मिनिटं बोलले, आणि तासाभरात तेजल ॲम्ब्युलन्समधून सिव्हिलच्या वाटेला लागली.

तिथेही पोट उघडलं नाही. सोनोग्राफीवर बघत सुई घालून आतला पू बाहेर काढला, नळी ठेवली, औषधं चढवली. वार जागच्या जागी. पहिले तीन दिवस कुणी काही खात्रीने सांगेना. शालन रजा टाकून वॉर्डाबाहेर उभी. बाकावर बस म्हटलं तर बसेना. चौथ्या दिवशी ताप उतरला, आणि अकराव्या दिवशी नळी काढली.

त्याच आठवड्यात शालनने वर लेखी कळवलं. मी पाय धरायचे बाकी ठेवले होते. म्हटलं, “पोरगी वाचली, कुणी विचारत नाही, तू कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस?” तिने ऐकलं नाही. कारणे दाखवा नोटीस आली, तिने उत्तरात चूक कबूल केली, आणि डिसेंबरात बदली झाली. जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, मंडणगड तालुक्यात. इथून निघालं तर अर्धा दिवस एसटीत. मी तिच्यावर ओरडलो. भांडी आपटली. ती बॅग भरता भरता मला कुठल्या डब्यात काय आहे ते सांगत होती, आणि मी मुद्दाम ऐकत नव्हतो. गेली त्या दिवशी मी स्टँडवर सोडायलासुद्धा गेलो नाही. याची मला लाज वाटते.

तेजलच्या तपासण्या चालूच होत्या. नितेश अजून जहाजावर, म्हणून रक्त तपासायला, फोटोला मीच सासू-सुनेला घेऊन जाऊ लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. घरात बसवेना. बसण्याची एवढी हौस असलेला मी, शालन गेल्यापासून पडवीत येरझाऱ्या घालायला लागलो होतो.

मार्चमध्ये डॉक्टर मृणालींनी फोटो बघितला आणि मला आत बोलावलं. वार सुकली होती. लिंबाएवढी राहिली होती, तिच्याकडे रक्त जायचं पूर्ण थांबलं होतं. आता तिच्यापासून धोका नाही, अशीच विरत जाईल, आठवड्याला यायची गरज नाही. मी बाहेर येऊन शालनला फोन लावला आणि रिपोर्ट वाचून दाखवला.

“परत वाचा,” ती म्हणाली.

मी परत वाचला. मग पलीकडून काही येईना. मला आधी वाटलं रेंज गेली. मग कळलं की ती रडतेय. एकतीस वर्षांत मी तिला तसं रडताना ऐकलं नव्हतं. मथुराबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, “सिस्टर, कधी येताव परत? आमच्याकडं नवीन पोर आलीय, ती पोटाला हात पन लावीत नाय,” असं काहीबाही बोलली आणि डोळे पुसत फोन परत दिला.

तीन महिने मला जे बोलायचं होतं ते मी तेव्हा बोललो. म्हटलं, “शालन, तू त्या दिवशी बोललीस ते बरं केलंस.”

ती नाक पुसत होती. मग म्हणाली, “तुम्ही का खोटं बोललात हो?”

“तुला वाचवायला.”

“मला वाचवायला. आणि तिला कोण वाचवणार होतं?”

 फोन कानाला तसाच धरून मी समोर बघत राहिलो. तेजल बाकावर बसून पोरीला टोपरं बांधत होती, आणि पोरगी ते परत परत ओढून काढत होती.